डिप्रेशन, व्यायाम आणि आहार: "उठवतच नाही" तिथून सुरुवात कशी केलीत?

अर्धवट_जाग (धागाकर्ती)

नमस्कार. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

चार महिन्यांपूर्वी मला मध्यम स्वरूपाचं डिप्रेशन असल्याचं निदान झालं. गोळ्या चालू आहेत, दर पंधरा दिवसांनी समुपदेशन आहे. रडू येणं थांबलंय, झोप जरा सुधारलीय. पण अंगात चिखल भरल्यासारखं वाटतं, ते काही केल्या जात नाही. मागच्या भेटीत डॉक्टर म्हणाले, "आता थोडा व्यायाम सुरू करा, खाण्याकडे लक्ष द्या." मी मान डोलावली. घरी येऊन बूट कपाटातून काढून दाराशी ठेवले. तीन आठवडे झाले, तिथेच आहेत.

परवा तर कमाल केली. बूट घातले, लेस बांधल्या आणि पलंगाच्या कडेला बसून राहिले. चाळीस मिनिटं. मग लेस सोडल्या. तेवढ्यानेच दमले.

खाण्याचंही तसंच. दोन दिवस काही नकोच वाटतं आणि तिसऱ्या रात्री अकरा वाजता ओट्यापाशी उभ्याउभ्या बिस्किटांचा अख्खा पुडा संपतो.

व्यायामाने बरं वाटतं हे मला माहीत आहे, ते कृपया पटवू नका. ज्यांना उठताच येत नव्हतं त्यांनी पहिला दिवस कसा काढला, ते सांगा. आणि खाण्याचं नक्की काय केलंत?

लोखंडी_मनगट

ताई, सोपं आहे. सकाळी पाचला उठायचं, गार पाण्याने आंघोळ, मग एक तास वेट्स. साखर बंद, मैदा बंद, रात्री मोबाइल बंद. २१ दिवस नेटाने करून बघा. शेवटी सगळा इच्छाशक्तीचा खेळ आहे.

चिमटा

मनगटराव, ती लेस बांधून दमली म्हणतेय आणि तुम्ही हातात बारबेल देताय.

निळी_छत्री

+१ चिमटा. इच्छाशक्ती असती तर हा धागा निघालाच नसता. पाय मोडलेल्याला "चालायची जिद्द ठेव" म्हणण्यातला प्रकार.

गोगलगाय

धागाकर्ती, बूट घालून बसण्याबद्दल वाचलं आणि पोटात कालवलं. मी हे केलंय. माझ्या बाबतीत बूट नव्हते, आंघोळीचा टॉवेल होता. टॉवेल खांद्यावर टाकून खुर्चीत दोन दोन तास.

माझा पहिला दिवस सांगते. माझ्या समुपदेशक बाईंनी विचारलं, "उद्या नक्की, शंभर टक्के जमेल असं काय आहे?" मी म्हटलं, दहा मिनिटं चालणं. त्या म्हणाल्या, "नाही, ते शंभर टक्के नाही. अजून लहान करा." पाच मिनिटं? "अजून लहान." असं करत करत आम्ही दार उघडायचं, बाहेर उभं राहून दहा श्वास घ्यायचे आणि परत यायचं, इथवर आलो. मला तेव्हा अपमान झाल्यासारखं वाटलं होतं. एम.ए. झालेली बाई मी, आणि मला गृहपाठ काय, तर दार उघडा!

पण ते केलं. आठवडाभर तेवढंच. दुसऱ्या आठवड्यात दारापासून वळणावरच्या झाडापर्यंत. झाडाला हात लावायचा आणि मागे फिरायचं. त्यापुढे जायची परवानगीच नव्हती! बाईंचं म्हणणं असं की एखाद्या चांगल्या दिवशी उत्साहाच्या भरात तीन किलोमीटर चालाल, मग चार दिवस आडव्या व्हाल आणि "मला जमत नाही" याचा नवा पुरावा स्वतःच्या हाती द्याल.

आणखी एक. त्यांनी एक लहान वही करायला लावली होती. निघण्याआधी लिहायचं, जाऊन आल्यावर किती बरं वाटेल याचा अंदाज, दहापैकी. आल्यावर प्रत्यक्ष किती वाटलं ते. माझ्या वहीत सगळीकडे अंदाज १, प्रत्यक्ष ३. अंदाज २, प्रत्यक्ष ३. अंदाज ०, प्रत्यक्ष २. क्वचित बरोबरी. महिनाभराने पानं चाळली तेव्हा दिसलं की माझा अंदाज जवळपास रोज चुकतोय आणि नेमका एकाच बाजूला चुकतोय. माझं मन मला खोटं हवामान सांगत होतं. व्यायामापेक्षाही त्या वहीने मला जास्त हलवलं असं आज वाटतं.

वॉर्ड_क्र_९

गोगलगाय यांनी फार नेमकं लिहिलंय. मी मानसोपचारात काम करतो, म्हणून थोडी भर.

याला बिहेवियरल अ‍ॅक्टिव्हेशन म्हणतात. आपण धरून चालतो की आधी इच्छा होते आणि मग माणूस उठतो. नैराश्यात ती इच्छा तयार करणारी यंत्रणाच मंदावलेली असते. त्यामुळे तिची वाट बघत बसलं तर ती येत नाही. म्हणून छोटी कृती आधी, इच्छा मागाहून आली तर आली. हे घरगुती शहाणपण वाटेल, पण २०१६ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ४४० रुग्णांवरची एक चाचणी आली होती. त्यात अनुभवी थेरपिस्टनी दिलेल्या सीबीटीच्या (विचारांच्या सवयी बदलण्यावर भर देणारी बोलून करायची थेरपी) तुलनेत, कमी प्रशिक्षण असलेल्या कर्मचाऱ्यांनी दिलेली ही पद्धत कमी पडली नाही.

धागाकर्तींना दोन प्रश्न. थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी१२ तपासलंय का? यातलं काही बिघडलेलं असेल तरी अंगात चिखल असल्यासारखंच वाटतं आणि ते चालून जात नाही. आणि हा चिखल गोळ्या सुरू होण्याआधीपासून आहे की नंतरचा? काही औषधांनी सुस्ती येते. वेळ किंवा मात्रा बदलून कधीकधी फरक पडतो. पुढच्या भेटीत हे आवर्जून बोला.

शंकासुर

पटवू नका म्हटलंय, म्हणून धागाकर्तींनी माझा प्रतिसाद सोडून दिला तरी चालेल. पण "व्यायाम हे सर्वोत्तम औषध" छापाचे संदेश फिरतात त्याबद्दल बोलायचंय.

२०२४ मध्ये बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात मोठं विश्लेषण आलं, २१८ अभ्यास आणि १४ हजारांवर माणसं. चालणं-जॉगिंग, योग, वजनं उचलणं, सगळ्यांनी नैराश्य कमी झाल्याचं दिसलं. बातम्या इथे थांबल्या. त्याच लेखात लेखकांनी लिहिलंय की चालणं-जॉगिंगबद्दल पुराव्याची खात्री कमी आहे आणि बाकीच्यांबद्दल त्याहूनही कमी. २०१३ च्या कॉक्रेन आढाव्यातही (कॉक्रेन ही उपचारांवरचे अभ्यास एकत्र तपासणारी संस्था) हेच. सगळे अभ्यास धरले तर परिणाम बरा, पण काटेकोर अभ्यास तेवढे वेगळे काढले की तो बराच आक्रसला.

मूळ अडचण अशी की गोळीच्या चाचणीत खरी आणि खोटी गोळी सारखी दिसते, कोणाला काय मिळालं ते कळत नाही. इथे आपण पळतोय की नाही हे पळणाऱ्याला कळतंच.

चिमटा

काही लोक पळतायत की चालतायत हे बघणाऱ्याला कळत नाही. उदा. मी.

वॉर्ड_क्र_९

शंकासुर, मुद्दा मान्य. पण म्हणून परिणाम शून्य, असं होत नाही. १९९९ चा ड्यूक विद्यापीठाचा अभ्यास बघा. पन्नाशीपुढचे १५६ रुग्ण, तीन गट. एकाला देखरेखीखाली व्यायाम, एकाला सर्ट्रालिन ही नैराश्यावरची गोळी, एकाला दोन्ही. १६ आठवड्यांनी तिन्ही गट जवळपास सारखेच सुधारलेले होते. गोळीवाल्यांना सुरुवातीला गुण लवकर आला. पुढे सहा महिन्यांनी पाहिलं तर बरे झालेल्यांपैकी व्यायामाच्या गटात पुन्हा घसरण्याचं प्रमाण कमी होतं.

आता यातला बारकावा. ही माणसं व्यायामाच्या अभ्यासात स्वतःहून आलेली होती, त्यांना ठरलेल्या वेळी ठरलेल्या ठिकाणी कोणीतरी व्यायाम करवून घेत होतं. घरी एकटं बूट घालून बसणं वेगळं. म्हणून मी रुग्णांना सांगतो की अभ्यासातला व्यायाम उचलू नका, अभ्यासातला माणूस उचला. म्हणजे बरोबर येणारं कोणीतरी शोधा.

बिनसाखरेची

मला बी१२ कमी निघालं होतं, इंजेक्शनं घेतली, खरंच फरक पडला. अवांतर: माझी जाऊ डी जीवनसत्त्व आणि ओमेगा-३ च्या कॅप्सूल घ्यायला सांगते, म्हणते मूड एकदम फ्रेश होतो. घ्याव्यात का?

निळी_छत्री

मला एक वेगळी गोष्ट लिहायचीय. माझी फसगत.

मी धावायला लागले आणि मला ते भलतंच मानवलं. तीन महिन्यांत पाच किलोमीटर. झोप लागायला लागली, भूक लागायला लागली, ऑफिसात लोक म्हणायला लागले की चेहरा बदलला. मग मला वाटलं की आता गोळी कशाला? डॉक्टरांना न विचारता एका सोमवारी बंद केली. एकदम.

तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून चक्कर, मान वळवली की डोक्यात वीज चमकल्यासारखं, चिडचिड. मला वाटलं ताप येतोय. दोन आठवड्यांत ते ओसरलं आणि मी म्हटलं, जिंकलो. दीड महिन्याने एका सकाळी गजर वाजला आणि मला धावायला जावंसं वाटलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आठव्या दिवशी मी परत त्याच पलंगावर, त्याच भिंतीकडे तोंड करून. आणि आता वर अपराधीपणा, की धावणंही सुटलं.

डॉक्टर रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "तुम्ही धावू शकत होतात त्याला गोळीचा हातभार होता, हे लक्षात नाही आलं?" परत सुरू केली. वर्षभराने त्यांनीच हळूहळू कमी करत बंद केली, आठवड्यांच्या हिशेबाने. धावणं चालू आहे.

दुसरी_बाजू

पुरुष सभासद, बायको आजारी होती. इथे लिहावं की नाही या विचारात होतो.

मी तिला रोज म्हणायचो, "चल, फिरून येऊ, बरं वाटेल." रोज. प्रेमानेच. सहा-सात आठवड्यांनी ती एकदा म्हणाली, "तू 'चल' म्हणालास की मला परीक्षेत नापास झाल्यासारखं वाटतं." मी गप्प.

त्यानंतर मी ते वाक्य टाकून दिलं. रात्री कचरा खाली न्यायचा असायचा. मी पिशवी उचलायचो आणि म्हणायचो, "मी कचरा टाकायला चाललोय, दुसरी पिशवी धरशील?" बस. बरं वाटेल वगैरे काही नाही. ती यायची, कारण कचरा टाकण्यात पास-नापास नसतं. काही दिवसांनी आम्ही मुद्दाम लांबच्या डब्यापर्यंत जायला लागलो. दोघांनाही माहीत होतं की हा डबा लांबचा आहे. कोणी बोललं नाही.

गोगलगाय

दुसरी_बाजू, हे वाचून डोळे भरले. लांबच्या डब्यासाठी दंडवत.

चिमटा

माझ्या घरात मी एकट्यानेच कचरा टाकतो आणि मला कोणी आजारीही समजत नाही. 😌

पण खरंच, मस्त लिहिलंय दादा.

ताटवाटी

खाण्याबद्दल कोणीच धड लिहिलं नाही, म्हणून येते. मी आहारतज्ज्ञ आहे.

बिनसाखरेची, आधी तुमचं. कमतरता असेल तर ती भरून काढायलाच हवी, तुमचं बी१२ त्यातलं. पण कमतरता नसताना मूडसाठी कॅप्सूल घ्यायची तर निकाल निराश करणारे आहेत. २०२० मध्ये पन्नाशीपुढच्या १८ हजारांवर लोकांचा अभ्यास आला. पाचेक वर्षं रोज २००० युनिट डी३ देऊनही नैराश्य टाळण्यात फरक दिसला नाही. युरोपातल्या चार देशांत १,०२५ लोकांना वर्षभर ओमेगा-३, फॉलिक अ‍ॅसिड, सेलेनियम, डी आणि कॅल्शियम दिलं होतं, तिथेही नैराश्य टळलं नाही. आधीच झालेल्या नैराश्यात ओमेगा-३, त्यातही ईपीए (ओमेगा-३ चा एक प्रकार) जास्त असलेलं, औषधाच्या जोडीला काहींना थोडं उपयोगी पडतं. तेही डॉक्टरांना विचारून. आणि 'नैसर्गिक' म्हणून सेंट जॉन्स वॉर्ट ही वनस्पती मात्र गोळ्यांसोबत अजिबात घेऊ नका. सिरोटोनिन वाढवणाऱ्या गोळ्यांबरोबर ते धोक्याचं ठरतं.

आता जेवण. २०१७ चा ऑस्ट्रेलियातला स्माइल्स नावाचा अभ्यास आमच्या क्षेत्रात सगळ्यांना पाठ असतो. मध्यम ते तीव्र नैराश्य असलेले ६७ लोक, १२ आठवडे. एका गटाला आहारतज्ज्ञाच्या सात भेटी, दुसऱ्याला तेवढाच वेळ गप्पागोष्टी आणि सोबत. भाज्या, फळं, डाळी-कडधान्यं, अख्खी धान्यं, सुकामेवा, मासे, ऑलिव्ह तेल वाढवायचं, गोडधोड आणि तळलेलं कमी करायचं. शेवटी आहाराच्या गटातल्या ३२ टक्क्यांना नैराश्यातून बाहेर म्हणता येईल इतकी सुधारणा झाली, दुसऱ्या गटात ८ टक्क्यांना. आणि बहुतेकांचे आधीचे उपचार चालूच होते, ते सोडून नव्हे.

शंकासुर

६७ म्हणजे एका लग्नातली पहिली पंगत. आणि आपल्याला आहार मिळतोय हे इथेही सगळ्यांना माहीत.

ताटवाटी

हो, लहान आहे. मी कुठे तो देव्हाऱ्यात ठेवलाय? पण डाळ-भाजी-फळ खाऊन तुमचं काय वाकडं होणार आहे, हेही सांगा. 🙂

धागाकर्ती, तुम्ही जे लिहिलंय त्यात मला पदार्थांपेक्षा वेळ दिसते. दोन दिवस रिकामं पोट आणि तिसऱ्या रात्री पुडा, हा लोभ नव्हे, ती उपाशी शरीराची वसुली आहे. म्हणून बिस्किटं बंद करू नका. काहीही बंद करू नका. आधी दिवसातून तीन वेळा काहीतरी तोंडात जाऊ दे, भूक असो-नसो. घड्याळ लावून. उकडलेलं अंडं, केळं, वाटीभर दही, मूठभर दाणे, जे न शिजवता हाताला लागेल ते. उभ्याने खाल्लं तरी चालेल. पहिले दोन आठवडे मी कोणालाही "संतुलित" हा शब्द वापरत नाही.

दुसरं, बऱ्या दिवशी जास्तीचं शिजवून फ्रीजमध्ये ठेवा. बरी असलेली तुम्ही, बरी नसलेल्या तुम्हाला डबा देतेय असं समजा. माझ्या एका रुग्णाने त्या डब्यांवर स्वतःच्या नावाने चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. "मंगळवारसाठी. काळजी करू नकोस, गरम करायचं फक्त."

आणि दारू घेत असाल तर ती आधी कमी. दोन तास हलकं वाटतं, पण ती झोप मोडते आणि दुसऱ्या दिवशीचा मूड खाते.

बिनसाखरेची

धन्यवाद ताटवाटी! जावेला हा धागा पाठवू का नको या विचारात आहे. 😬 पण सिरोटोनिन नव्वद टक्के पोटात तयार होतं ना? मग योग्य खाल्लं की आनंदी, असं नाही का?

वॉर्ड_क्र_९

पोटात तयार होतं हे खरं, पण ते रक्तातून मेंदूत शिरत नाही. मध्ये एक पहारा आहे, रक्त-मेंदू अडथळा म्हणतात त्याला. पोटातलं सिरोटोनिन बरंचसं पचनाच्या कामी येतं. आतड्याचा आणि मनाचा संबंध आहे, पण तो इतका सरळ नाही.

शंकासुर

एंडॉर्फिनचंही तेच. "धावल्यावर एंडॉर्फिन सुटतं आणि आनंद होतो" हे सगळे म्हणतात, पण रक्तातलं एंडॉर्फिनही तो पहारा सहजी ओलांडत नाही. मला त्यापेक्षा २०१४ चं स्वीडनमधलं उंदरांवरचं काम जास्त रोचक वाटतं. ताणात शरीरात कायन्युरेनिन नावाचा पदार्थ वाढतो आणि तो मेंदूत शिरून त्रास देतो. व्यायामाने तयार झालेला स्नायू त्याचं अशा रूपात रूपांतर करतो की ते मेंदूत शिरूच शकत नाही. म्हणजे स्नायू एखाद्या गाळणीसारखा.

चिमटा

थोडक्यात, उंदीर बरा आहे. आपलं काय?

आजोबा_ऑनलाइन

वय ७४. पत्नी गेल्यावर दोन वर्षं असाच काळ गेला. गुडघे दुखतात, चालवत नाही. फिजिओथेरपिस्ट मुलीने सांगितले, आजोबा, खुर्चीतून हात न टेकता उठा आणि बसा. सुरुवातीस तीन वेळा होत असे. आता वीस होतात. टीव्हीवर बातम्यांमधील जाहिराती लागल्या की करतो. त्यामुळे जाहिरातींचा राग येणे बंद झाले आहे.

गोगलगाय

आजोबा, तुमच्या पद्धतीचं पेटंट घ्या!

लोखंडी_मनगट

सगळ्यांनी झोडपलंत, बरोबर झोडपलंत. रात्री परत सगळं वाचलं.

मी जे लिहिलं ते कुठून आलं ते सांगतो. सहा वर्षांपूर्वी धंदा बुडाला तेव्हा मी पण पडून होतो. मित्र रोज सकाळी दारात गाडी उभी करून हॉर्न वाजवायचा. शेजारी शिव्या द्यायचे म्हणून मी खाली जायचो. जिममध्ये पहिला महिना मी फक्त बाकावर बसून असायचो, तो उचलायचा. आता आठवून बघितलं तर माझी इच्छाशक्ती कुठेच नव्हती. हॉर्न होता. मी गोष्ट सांगताना मित्राला वगळून टाकतो हे आज लक्षात आलं.

ताई, पाच वाजता उठायचं विसरा. हॉर्न वाजवणारं कोणी आहे का बघा.

निळी_छत्री

मनगटदादा, माझा तो पाय मोडल्याचा टोमणा मागे घेते.

मधलं_पान

माझी पोस्ट कदाचित प्रवाहाच्या विरुद्ध आहे. मला व्यायामाने आधी बरं वाटलं आणि नंतर तोच आजार झाला. घड्याळात पावलं मोजायची, १० हजार झाली नाहीत तर रात्री अकराला घरात गोल गोल चालायचं, जेवणाचे उष्मांक लिहायचे. एक दिवस चुकला तर स्वतःला शिक्षा म्हणून दुसऱ्या दिवशी दुप्पट. आईला वाटायचं मुलगी किती शिस्तीची. ज्यांचा खाण्याशी आधीच झगडा आहे त्यांनी आकडे मोजणारी साधनं लांब ठेवा. मी घड्याळ धाकट्या भावाला देऊन टाकलं, आता तो गोल गोल फिरतो.

ताटवाटी

हे लिहिलंत ते फार बरं केलंत. मी वजनकाटाही सांगत नाही अशा वेळी.

शांत_पाणी

मी वाचनमात्रच, पण विचारायचंय. मी लिथियमवर (मूड स्थिर ठेवणारं औषध) आहे. उन्हात सायकल चालवली तर चालेल का? आणि कोणीतरी मीठ कमी कर म्हणालं.

वॉर्ड_क्र_९

सायकल चालवा, पण भरपूर घाम जाणार असेल तर पाण्याची नीट सोय ठेवा. शरीरातलं पाणी किंवा मीठ एकदम कमी झालं की रक्तातली लिथियमची पातळी वाढू शकते. मीठ स्वतःच्या मनाने अचानक कमी करू नका. हात थरथरायला लागले, उलट्या-जुलाब झाले, तोल जायला लागला तर लगेच डॉक्टरांना गाठा. सायकल सुरू करताना त्यांना सांगितलंत की ते रक्ततपासणी कधी करायची ते ठरवतील. शिवाय बायपोलर (कधी नैराश्य, कधी अति उत्साह असा आजार) असेल आणि अचानक कमी झोपेवर तासन्‌तास व्यायाम करावासा वाटायला लागला, तर ती तब्येत सुधारल्याची खूण समजू नका, तेही कळवा.

सगळ्यांसाठीच आणखी एक. जगू नये असे विचार येत असतील तर चालून-फिरून बघू, असं करत बसू नका. त्याच दिवशी घरातल्या कोणाला सांगा, डॉक्टरांना किंवा आपल्या भागातल्या हेल्पलाइनला फोन करा.

शंकासुर

धागाकर्तींचा मूळ प्रश्न बाजूला पडलाय आणि त्यात माझा वाटा मोठा आहे. म्हणून एक उपयोगाचं सांगतो आणि गप्प बसतो. २०२२ मध्ये सुमारे १ लाख ९१ हजार लोकांच्या पाहणीवरून असं दिसलं की आठवड्याला अडीच तास भरभर चालण्याइतकी शिफारस आहे, तिच्या निम्मं करणाऱ्यांतही नैराश्य होण्याचं प्रमाण काहीच न करणाऱ्यांपेक्षा १८ टक्के कमी होतं. पूर्ण करणाऱ्यांत २५ टक्के. म्हणजे बराचसा फायदा पहिल्या थोड्याशातच. (हा संबंध आहे, कारण सिद्ध झालेलं नाही, हे मी लिहिलं नाही तर मला झोप येणार नाही.)

दुसरी_बाजू

धागाकर्ती कुठे आहेत? ताई, बऱ्या आहात ना?

अर्धवट_जाग

आहे. सगळं वाचतेय, काही प्रतिसाद दोनदा. उत्तर द्यायला घ्यायचे आणि अर्ध्यात मिटवायचे. माफ करा.

तपासण्या झाल्या. थायरॉइड ठीक, हिमोग्लोबिन कमी आहे, लोहाच्या गोळ्या दिल्यात. रात्रीची गोळी जरा लवकर घ्यायला सांगितलीय. घड्याळात तीन गजर लावलेत, नावं दिलीत: "काहीतरी", "काहीतरी", "काहीतरी". आज तिन्ही वेळा काहीतरी खाल्लं. संध्याकाळचं केळं तर बसून खाल्लं.

हॉर्न वाजवणारं कोणी नाही माझ्याकडे. पण बहिणीला सांगितलंय, ती रोज सहाला फोन करते आणि फक्त विचारते, "बूट?" मी "हो" किंवा "नाही" म्हणते आणि ती फोन ठेवते. चार दिवस "नाही" होतं.

आज "हो". वही पण केलीय. अंदाज १. लेस बांधल्या, पलंगाकडे बघितलंच नाही, सरळ दार उघडलं. दोन मजले उतरून खाली पत्रपेटीपर्यंत गेले. पत्रं काढली आणि वर आले. मधल्या वळणावर धाप लागली म्हणून कठड्याला टेकून उभी राहिले. शेजारच्या काकूंनी विचारलं, बाहेर निघालीस का? मी म्हटलं, नाही, आले.

प्रत्यक्ष ३.

गोगलगाय

❤️❤️❤️ उद्या पत्रपेटीच्या पुढे जायचं नाही हं!

लोखंडी_मनगट

ताई 💪 (एवढंच. बाकी काही सल्ला नाही.)

चिमटा

अभिनंदन! पत्रपेटीत होतं काय पण?

अर्धवट_जाग

विजेचं बिल.

चिमटा

आणि तरी ३?

अर्धवट_जाग

अजून उघडलं नाहीये.